मोबाईल फोनची निवड व वापर : आपली माहिती कोणाकडे जाते?



फवारणी पंप, विजेची मोटर, ठिबकचा संच यांच्याप्रमाणेच मोबाईल फोन हे आता शेतीचे एक औजार झाले आहे. बाजारभाव पाहणे, पावसाचा अंदाज घेणे, ई-पीक पाहणीची नोंद करणे, खत-बियाण्याचे पैसे चुकते करणे ही कामे बांधावर उभे राहून करता येतात. मात्र मोटर घेताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी फोन घेताना करीत नाही. कॅमेरा, बॅटरी आणि किंमत एवढे पाहून फोन घेतला जातो. हा फोन आपली कोणती माहिती कोणाकडे पाठवितो, हे सहसा कोणी विचारत नाही.

एका प्रशिक्षण वर्गात एका कांदा उत्पादक बंधूंनी आपला अनुभव सांगितला. खरिपाच्या तोंडावर त्यांनी मोबाईलवरील एका अ‍ॅपमधून आठ हजार रुपये कर्ज घेतले. अ‍ॅप सुरू करताना जे जे विचारले त्याला त्यांनी 'होय' म्हटले. परतफेडीला तीन दिवस उशीर होताच त्यांच्या फोनमध्ये नंबर असलेल्या लोकांना फोन जाऊ लागले. खताचे दुकानदार, सोसायटीचे सचिव, मुलाचे शिक्षक यांना निरोप गेले. शेवटी बहिणीच्या सासरी फोन गेला. ते म्हणाले, "पैशाचे काही नाही साहेब, ते पुढच्या तोडणीत फिटले. पण बहिणीच्या घरी जी शोभा झाली ती कशी भरून काढू?" आणि त्यांनी पुढे विचारले, "मी आयफोन घेतला असता तर हे टळले असते का?"

हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. याकरिता फोन चालविणाऱ्या निरनिराळ्या प्रणालींत काय फरक आहे, कोणती गळती प्रणालीमुळे होते व कोणती आपल्या हाताने होते, याची माहिती या लेखात दिली आहे.

फोनची प्रणाली म्हणजे काय?

इंजिनाशिवाय ट्रॅक्टर चालत नाही त्याप्रमाणे प्रणालीशिवाय (ऑपरेटिंग सिस्टीम) फोन चालत नाही. पडदा, कॅमेरा, सिमकार्ड व अ‍ॅप यांच्यात मेळ घालण्याचे काम ही प्रणाली करते. कोणत्या अ‍ॅपला काय पाहू द्यायचे हेही तीच ठरविते. आपल्याकडे मुख्यत्वे पुढील प्रणाली वापरात आहेत.

१) अँड्रॉइड : गूगल कंपनीची प्रणाली. या प्रणालीचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. सॅमसंग, शाओमी, रियलमी, विवो, ओप्पो इत्यादी कंपन्यांचे फोन याच प्रणालीवर चालतात. आपल्या देशातील शंभरापैकी नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत.

२) आयओएस : अ‍ॅपल कंपनीची प्रणाली. ही फक्त आयफोनमध्येच असते. पहिला आयफोन २००७ साली आला.

३) काय-ओएस : बटनांच्या फोनमधील हलकी प्रणाली. २०१७ साली आलेल्या जिओ फोनमुळे ती आपल्या गावागावांत पोहोचली.

याखेरीज फक्त बोलण्यासाठी व संदेशासाठी असलेला साधा फोन अजूनही अनेकांच्या खिशात आहे.

माहिती जाण्याच्या चार वाटा

शेततळ्यात पाणी टिकत नसेल तर आपण प्रथम ते कोठून झिरपते हे पाहतो व मगच उपाय करतो. येथेही तसेच करावे. फोनमधील माहिती बाहेर जाण्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट - सिमकार्डची कंपनी : फोन सुरू असला की तो जवळच्या टॉवरशी जोडलेला असतो. आपण कोणत्या टॉवरच्या क्षेत्रात आहोत, कोणाला केव्हा व किती वेळ फोन केला याची नोंद कंपनीकडे होते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटीत बदल करून अशा नोंदी किमान दोन वर्षे जतन करणे कंपन्यांना बंधनकारक केले. ही वाट साध्या फोनलाही आहे आणि महागड्या फोनलाही आहे. कोणतीही प्रणाली ती बंद करू शकत नाही.

दुसरी वाट - प्रणालीची मालक कंपनी : म्हणजे गूगल किंवा अ‍ॅपल. फोन नुसता टेबलावर पडून असला तरी तो अधूनमधून मालक कंपनीशी संपर्क साधत असतो.

तिसरी वाट - फोन बनविणारी कंपनी : अँड्रॉइड फोनवर बनविणारी कंपनी स्वतःची काही अ‍ॅप आधीच घालून देते. त्यांपैकी काही काढून टाकता येत नाहीत. आयफोनमध्ये प्रणालीची मालक व फोन बनवून घेणारी कंपनी एकच असल्याने ही वाट वेगळी राहत नाही.

चौथी वाट - आपण घेतलेली अ‍ॅप : ही सर्वांत रुंद वाट आहे आणि तिचे फाटक आपल्याच हातात आहे. वर सांगितलेल्या कांदा उत्पादकांचे नुकसान याच वाटेने झाले.

कंपनीला आपली माहिती कशासाठी हवी?

हे समजून घेतल्यास पुढील तुलना सोपी जाईल. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जाहिरातींतून येतो. कोणता मनुष्य काय शोधतो, कोठे जातो, काय पाहतो हे कळले तर त्याला नेमकी जाहिरात दाखविता येते व तिला चांगला दर मिळतो. त्यामुळे माहिती गोळा करणे हा त्या व्यवसायाचा पायाच आहे. अ‍ॅपलच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा फोन व इतर उपकरणांच्या विक्रीतून येतो. म्हणून माहिती कमी गोळा करतो असे सांगणे त्या कंपनीला परवडते आणि त्याची किंमत ती फोनच्या दरातून वसूल करते.

तथापि यावरून एक चोर व दुसरा साव असा निष्कर्ष काढू नये. आयफोनवर शोध घेण्यासाठी गूगलच पहिल्यापासून नेमलेले असावे याकरिता गूगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ या वर्षी सुमारे २,००० कोटी डॉलर दिले, ही बाब अमेरिकेतील खटल्यात उघड झाली. अ‍ॅपलच्या स्वतःच्या अ‍ॅप दुकानात ग्राहकाची नीट संमती न घेता त्याच्या आवडीनुसार जाहिराती दाखविल्याबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीला ८० लाख युरो दंड केला. गूगलच्या बाबतीत, लोकेशनची नोंद बंद केल्यावरही दुसऱ्या एका सेटिंगमधून ती ठेवली जात होती, असे २०१८ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले. त्या प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतील ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

प्रत्यक्ष मोजणी काय सांगते?

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, तसेच मोजणीशिवाय प्रणालीबद्दल मत बनवू नये. आयर्लंडमधील ट्रिनिटी कॉलेज, डब्लिन येथील प्रा. डग्लस लीथ यांनी मार्च २०२१ मध्ये अशी मोजणी प्रसिद्ध केली. अँड्रॉइडचा गूगल पिक्सेल फोन व आयफोन हे दोन्ही कमीत कमी माहिती जाईल अशा प्रकारे लावून नुसते ठेवून दिले, तेव्हा पुढील बाबी आढळून आल्या.

१) दोन्ही फोन सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधत होते.

२) बारा तास निष्क्रिय असताना अँड्रॉइड फोनने गूगलकडे सुमारे १ एमबी, तर आयफोनने अ‍ॅपलकडे सुमारे ५२ केबी माहिती पाठविली. म्हणजे अँड्रॉइडचे प्रमाण साधारणपणे वीस पट होते.

गूगलने या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रा. लीथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅमसंग, शाओमी, हुवावे व रियलमी या कंपन्यांच्या युरोपात विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनची तपासणी केली. हे फोन गूगलखेरीज बनविणाऱ्या कंपनीकडे, तसेच फोनमध्ये आधीच घातलेल्या अ‍ॅपच्या मालकांकडेही माहिती पाठवितात असे दिसून आले. याचा अर्थ एवढाच की अँड्रॉइड हे एकच वाण नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये त्याचे गुणदोष बदलतात.

प्रणालींची तुलना

अ) परवानगी मागण्याची पद्धत : २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पूर्वी अ‍ॅप घेतानाच सर्व परवानग्या एकदम द्याव्या लागत. त्यानंतर एकेक परवानगी स्वतंत्रपणे विचारली जाऊ लागली. अँड्रॉइड १० (२०१९) पासून 'अ‍ॅप वापरात असतानाच' लोकेशन देता येते. अँड्रॉइड ११ (२०२०) पासून 'फक्त या वेळी' असा पर्याय मिळतो व बराच काळ न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढल्या जातात. आयफोनमध्येही असे पर्याय आहेत. या बाबतीत दोन्ही प्रणाली आता जवळजवळ सारख्या आहेत.

आ) अंदाजे लोकेशन : आयफोनवर आयओएस १४ (२०२०) पासून व अँड्रॉइडवर १२ व्या आवृत्तीपासून (२०२१) अ‍ॅपला नेमकी जागा न देता परिसरापुरता अंदाज देता येतो.

इ) कॅमेरा व माईकची खूण : याच आवृत्त्यांपासून एखादे अ‍ॅप कॅमेरा किंवा माईक वापरत असेल तर पडद्याच्या वरच्या बाजूला ठिपका दिसतो. अँड्रॉइडवर तो हिरवा असतो. आयफोनवर कॅमेऱ्यासाठी हिरवा व माईकसाठी नारिंगी असतो. आपण फोनवर बोलत नसताना किंवा फोटो काढत नसताना ठिपका दिसल्यास कोणते अ‍ॅप चालू आहे ते तपासावे.

ई) जाहिरातीसाठी मागोवा : दोन्ही फोनमध्ये जाहिरातदारांसाठी एक ओळख क्रमांक असतो. त्याच्या आधारे निरनिराळ्या अ‍ॅपमधील आपल्या हालचाली जोडल्या जातात. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून असा मागोवा घेण्यापूर्वी प्रत्येक अ‍ॅपला आपली परवानगी विचारावी लागते. अँड्रॉइडवर हा क्रमांक सुरूच असतो, तो आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकावा लागतो. येथे आयफोन सरस आहे.

उ) संदेश वाचण्याची मुभा : आयफोनमध्ये आपल्या संदेशपेटीतील सर्व एसएमएस किंवा कॉलची यादी कोणत्याही सर्वसाधारण अ‍ॅपला वाचता येत नाही. अँड्रॉइडमध्ये आपण परवानगी दिल्यास ती वाचता येते. गूगलच्या प्ले स्टोअरवरील अ‍ॅपना २०१९ पासून यावर कडक निर्बंध आहेत. परंतु बाहेरून आलेल्या अ‍ॅपवर प्ले स्टोअरचे निर्बंध चालत नाहीत. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येत असल्याने हा फरक महत्त्वाचा आहे.

ऊ) बाहेरून अ‍ॅप घेणे : आपल्याकडे आयफोनवर सर्वसाधारण ग्राहकाला अ‍ॅपलच्या दुकानातूनच अ‍ॅप घ्यावे लागते. अँड्रॉइडवर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडूनही अ‍ॅप बसविता येते. पीएम किसान, बँकेची केवायसी, वाहनाचा दंड अशा नावांच्या बनावट फाइल याच वाटेने येतात. अनोळखी दुकानातून सुटे बियाणे घेण्यासारखाच हा प्रकार आहे.

ए) सुरक्षा सुधारणा : आयफोनला साधारणपणे पाच किंवा अधिक वर्षे सुधारणा मिळतात. अँड्रॉइडमध्ये हे कंपनीवर व मॉडेलवर अवलंबून असते. गूगलने पिक्सेल ८ (२०२३) पासून व सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ (२०२४) पासून सात वर्षांची हमी दिली आहे. स्वस्त फोनमध्ये हा काळ बराच कमी असतो. सुधारणा बंद झालेला फोन म्हणजे कुंपण मोडलेले शेत होय.

ऐ) काय-ओएस व साधा फोन : यांत अ‍ॅप कमी, म्हणून गळतीही कमी. परंतु शेतीची, पिकांच्या नोंदीची व बँकेची बहुतेक अ‍ॅप त्यांवर चालत नाहीत. ज्यांना फक्त बोलण्यासाठी फोन हवा अशा घरातील वडीलधाऱ्यांसाठी हे फोन योग्य आहेत.

ओ) गूगलविरहित अँड्रॉइड : अँड्रॉइडचा मूळ भाग खुला असल्याने काही जाणकार त्यातून गूगलची अ‍ॅप वगळून नवी प्रणाली तयार करतात. ग्राफीन-ओएस, ई-ओएस, लिनिएज-ओएस ही त्यांची नावे होत. २०२१ च्या वरील तपासणीत ई-ओएसने जवळजवळ काहीच माहिती बाहेर पाठविली नाही. परंतु ही प्रणाली बसविण्यास तांत्रिक ज्ञान लागते, ती मोजक्याच फोनवर बसते आणि काही बँकांची अ‍ॅप तिच्यावर चालण्यास अडचण येते. त्यामुळे सर्वसाधारण शेतकऱ्यांना तिची शिफारस करता येत नाही.

परवानगी किती द्यावी?

वरील तुलनेवरून दिसून येईल की दुसऱ्या व तिसऱ्या वाटेने होणारी गळती आयफोनमध्ये कमी आहे. चौथी वाट मात्र दोन्हीकडे सारखीच उघडी राहू शकते. आयफोनवर गूगल मॅप, यूट्यूब, फेसबुक ही अ‍ॅप वापरली तर त्या त्या कंपन्यांना माहिती जातेच. आयफोनच्या मालकाने कर्जाच्या अ‍ॅपला नंबरांची यादी पाहू दिली तर ती यादी तेथूनही जाईल. म्हणून परवानगी देताना एकच कसोटी लावावी : हे अ‍ॅप जे काम करते, त्या कामासाठी ही गोष्ट लागते का?

तक्ता : नेहमीची अ‍ॅप व द्यावयाच्या परवानग्या

ई-पीक पाहणी - उभ्या पिकाचा जागेसह फोटो घ्यावा लागतो, म्हणून कॅमेरा व नेमके लोकेशन द्यावे. मात्र 'वापरात असतानाच' हा पर्याय निवडावा.

दामिनी (वीज पडण्याचा इशारा देणारे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले अ‍ॅप) - आपल्या आसपासच्या विजेची सूचना मिळण्यासाठी लोकेशन लागते. ते अवश्य द्यावे. येथे जिवाचा प्रश्न आहे.

हवामान अंदाजाचे इतर अ‍ॅप - अंदाजे लोकेशन पुरेसे आहे. तालुका किंवा गाव स्वतः निवडता येत असेल तर तेही देण्याची गरज नाही.

बाजारभावाचे अ‍ॅप - बाजार समितीचे नाव निवडून भाव पाहता येतात. नंबरांची यादी, फोटो, माईक यांपैकी काहीही देऊ नये.

पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारे अ‍ॅप - कॅमेरा 'वापरात असतानाच'. जुना फोटो दाखवावयाचा असल्यास सर्व फोटो खुले न करता निवडक फोटो द्यावेत. आयओएस १४ व अँड्रॉइड १४ पासून ही सोय आहे.

पैसे पाठविण्याचे (यूपीआय) अ‍ॅप - अँड्रॉइडवर सिमची खात्री करण्यासाठी एसएमएसची परवानगी लागते, ती द्यावी. क्यूआर कोडसाठी कॅमेरा लागतो. नंबरांची यादी न देताही नंबर टाईप करून पैसे पाठविता येतात.

बॅटरी, कॅलेंडर, खेळ, फोटो सजविण्याची अ‍ॅप - लोकेशन, नंबरांची यादी, एसएमएस मागितल्यास अ‍ॅप काढून टाकावे.

कर्ज देणारे अ‍ॅप - नंबरांची यादी, फोटो, कॉलची यादी यांपैकी काहीही देऊ नये.

कर्जाच्या अ‍ॅपबाबत विशेष सूचना

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने ग्राहकाच्या फोनमधील फाइल व फोटो, नंबरांची यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावावयाचा नाही. ओळख पटविण्यासाठी कॅमेरा, माईक किंवा लोकेशन एकवेळ घेता येते, तेही स्पष्ट संमतीने. गूगलनेही मे २०२३ अखेरपासून प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना फोटो व नंबरांची यादी घेण्यास मनाई केली. म्हणून जे कर्जाचे अ‍ॅप नंबरांची यादी मागते ते नियम मोडते, असे खुशाल समजावे व त्याच क्षणी बाहेर पडावे. नियंत्रित बँका व संस्थांच्या कर्ज अ‍ॅपची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कर्ज घेण्यापूर्वी तीत नाव पाहावे.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी. आपल्या फोनमधील नंबर हे केवळ आपले नाहीत. ते आपल्या सोयऱ्यांचे, शेजाऱ्यांचे, गड्यांचे आहेत. त्यांची परवानगी आपण परस्पर देत असतो.

फोन हाती आल्यावर करावयाची कामे

खालील कामांना सुमारे अर्धा तास लागतो. सेटिंगमधील नावे कंपनीनुसार थोडी वेगळी असू शकतात. घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना सोबत घ्यावे.

१) अँड्रॉइडवर 'सेटिंग्ज' मधील 'प्रायव्हसी' भागात 'परमिशन मॅनेजर' उघडावे. लोकेशन, माईक, कॅमेरा, कॉन्टॅक्ट व एसएमएस कोणकोणत्या अ‍ॅपकडे आहेत ते पाहावे व कामाव्यतिरिक्तच्या परवानग्या काढाव्यात. अँड्रॉइड १२ व पुढील फोनमध्ये 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' वर गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपने काय वापरले हेही दिसते.

२) आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये हीच यादी मिळते. तेथेच 'ट्रॅकिंग' मध्ये जाऊन अ‍ॅपना मागोव्याची विनंती करू देण्याचे बटन बंद करावे.

३) अँड्रॉइडवर जाहिरातींच्या ('अ‍ॅड्स') सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात ओळख क्रमांक डिलीट करावा.

४) गूगल खात्यातील 'डेटा अँड प्रायव्हसी' मध्ये 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' व 'टाइमलाइन' तपासावे. बंद करावयाचे नसल्यास तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याचा पर्याय निवडावा. हे खाते आयफोनवर वापरत असल्यासही हे काम करावे.

५) 'अनोळखी अ‍ॅप बसविणे' ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर व फाइल मॅनेजर यांच्यासाठी बंद ठेवावी.

६) 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' ही परवानगी कोणत्याही अनोळखी अ‍ॅपला देऊ नये. ती दिल्यास अ‍ॅपला पडद्यावरील सर्व मजकूर वाचता येतो व आपल्या वतीने बटनेही दाबता येतात.

७) तीन महिन्यांत न वापरलेली अ‍ॅप काढून टाकावीत. तण जसे वेळेवर काढतो तसे हे काम दर हंगामाच्या सुरुवातीला करावे.

८) सातबारा, आधार, बँक पासबुक यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत. संदेश वाटेत कोणी वाचू शकत नसला तरी गटातील प्रत्येकाच्या फोनमध्ये तो फोटो उतरतो. जेथे चालत असेल तेथे आधारचे शेवटचे चार अंकच दाखविणारी प्रत द्यावी.

९) जुना फोन विकताना किंवा बदलून घेताना प्रथम गूगल किंवा अ‍ॅपलचे खाते काढावे, नंतर 'फॅक्टरी रीसेट' करावे व सिमकार्ड तसेच मेमरी कार्ड काढून घ्यावे.

कोणता फोन घ्यावा?

ज्यांना आर्थिकदृष्ट्या शक्य आहे व माहितीची जपणूक महत्त्वाची वाटते त्यांनी आयफोन घेण्यास हरकत नाही. मागोवा, एसएमएस व बनावट एपीके या तीन बाबतींत तो अधिक सुरक्षित आहे. परंतु केवळ यासाठी कर्ज काढून महाग फोन घेणे शहाणपणाचे नाही. सुधारणा चालू असलेला साधा अँड्रॉइड फोन वरील नऊ कामे करून वापरल्यास तो बेफिकिरीने वापरलेल्या आयफोनपेक्षा अधिक सुरक्षित राहतो.

अँड्रॉइड घेताना दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. या मॉडेलला किती वर्षे सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत? आणि आधीच घातलेली अ‍ॅप काढता येतात का? जुना फोन घेत असल्यास सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा सुधारणेची तारीख पाहावी. ती एक वर्षापेक्षा जुनी असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

कायदा व तक्रार

खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दिलेली संमती मागे घेण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा व ती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला आहे.

फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी. पैसे गेल्यानंतर जितक्या लवकर कळवू तितकी ते रोखून धरण्याची शक्यता अधिक. बेकायदेशीर कर्ज अ‍ॅपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर करता येते. धमकीचे संदेश पुसून टाकू नयेत. ते पुरावा म्हणून लागतात. तसेच घरात लपवून ठेवू नये. लाज वाटण्याचे कारण आपल्याकडे नाही, धमकी देणाऱ्याकडे आहे.

सारांश

त्या कांदा उत्पादक बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आयफोन असता तर त्यांचे एसएमएस व कॉलची यादी त्या अ‍ॅपला वाचता आली नसती. परंतु नंबरांच्या यादीला त्यांनी तेथेही 'होय' म्हटले असते, तर बहिणीच्या घरी फोन गेलाच असता. प्रणाली फाटक बसवून देते, कडी आपणच लावावयाची असते. त्या बंधूंनी वर्गातच फोन काढून परवानग्यांची यादी उघडली, तेव्हा विजेरीच्या (टॉर्च) एका अ‍ॅपकडे त्यांच्या सर्व नंबरांची परवानगी निघाली. ती त्यांनी तेथेच काढली आणि ते अ‍ॅपही काढून टाकले. त्यांच्यामागोमाग वर्गातील इतरांनीही आपापले फोन बाहेर काढले.

वाचकांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एवढे एक काम अवश्य करावे. अधिक मार्गदर्शनासाठी जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील किंवा तालुका कृषि कार्यालयातील प्रशिक्षण वर्गात याविषयी विचारणा करावी.